नकाशा भिंतीवरून खाली उतरवा

नकाशा भिंतीवर टांगलेला असला की पोरं उत्तर म्हणजे 'वर' असंच धरून बसतात. नागपूरच्या उत्तरेचं कोराडी कुठे, असं विचारलं की बोट थेट छताकडे! म्हणून नागपूरचा नकाशा आधी शाळेच्या मैदानात, जमिनीवर पसरा.

उत्तर दिशा मुलांनाच शोधू द्या. डिसेंबरच्या शेवटी एक काठी सरळ उभी रोवा आणि पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. काठीपासून सगळ्यात आखूड सावली जिकडे गेली, तिकडे उत्तर. गंमत म्हणजे ही सावली बाराला नाही, सव्वाबाराच्या सुमारास पडते. आपलं घड्याळ 82.5° पूर्व रेखावृत्ताचं, नागपूर 79° च्या जवळ. एका अंशाला 4 मिनिटं. हिशेब पोरांकडूनच करून घ्या.

मे महिन्यात मात्र हा खटाटोप नको. महिनाअखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावलीच सापडत नाही. शिवाय आपलं ऊन!

आता नकाशाची उत्तर त्या सावलीवर जुळवा आणि विचारा, 'अंबाझरी कुठे?' बोटं आपोआप पश्चिमेकडे वळतात.