राइडिंग मोअर घेताना या चुका टाळा

माझा पहिला राइडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, मी मेमोरियल डेच्या (मेअखेरच्या सुट्टीच्या) सेलमध्ये घेतला आणि पुढच्या मार्चमध्ये विकून टाकला. मशीनमध्ये खोट काहीच नव्हती. ५४ इंची डेकचा (डेक म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं झाकण) नवाकोरा झीरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा मोअर होता. फक्त तो आमच्या मागच्या कुंपणाच्या फाटकातून आत जात नव्हता आणि तळ्याकडच्या उतारावर उतरला की थांबत नव्हता.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅलेच्या पश्चिमेला, पिट्सबरोच्या बाजूला. जवळच्या केरी शहरातलं टाउनहाउस विकून इकडे एक-दोन एकरांचं घर घेतलेली बरीच मंडळी ओळखीत आहेत. मार्च उजाडला की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतोच, "अरे, मोअर कुठला घेऊ?" प्रत्येकाला कंपनीचं नाव हवं असतं. मी म्हणतो, आधी टेप घेऊन बाहेर जा, नावाचं नंतर बघू.

कागदावरच्या एकरावर जाऊ नका

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, आपल्या हिशोबात बरोब्बर ४० गुंठे. आमचा प्लॉट कागदावर दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. त्यातून घर, ड्राइव्हवे आणि मागचं पाइनचं रान वजा केलं तेव्हा कापायचं गवत निघालं जेमतेम ५० गुंठे. मी मात्र दुकानात ऐटीत "टू एकर्स" सांगून बसलो होतो. विकणाऱ्यानं मग दोन एकरांचं मशीन दाखवलं. त्याचं काय चुकलं?

हिशोब सोपा आहे. डेकची रुंदी इंचात, वेग ताशी मैलात. दोन्हींचा गुणाकार करून ९९ ने भागा, तासाला किती एकर ते निघतं. ओळीवर ओळ थोडी चढवावी लागते, झाडांना वळसे पडतात, म्हणून त्यातला पाचवा हिस्सा सोडून द्या. ४२ इंची डेक ताशी ४ मैलांनी चालला तर तासाला साधारण १.३५ एकर होतात. माझे ५० गुंठे त्यात तासाभरात बसतात. ५४ इंची डेकनं निम्म्या वेळात होईल असं ब्रोशरवर होतं, आणि सपाट मोकळ्या रानात झालंही असतं. आमच्याकडे बावीस झाडं, सेप्टिक टँकची दोन झाकणं आणि एक विजेचा हिरवा डबा आहे. पहिल्या शनिवारी घड्याळ लावून कापलं, ४२ इंचीच्या हिशोबापेक्षा जेमतेम बारा मिनिटं वाचली.

त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. घरामागच्या ओट्यावर चहा घेत बसलेली. माझं कापून झाल्यावर म्हणाली, "एवढं हिरवंगार कापतोस आणि तिथंच टाकतोस होय रे? दोन म्हशी पोसल्या असत्या ह्यात." तिला मल्चिंग, म्हणजे कापलेलं गवत बारीक करून खत म्हणून तिथंच सोडणं, समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.

उतार डोळ्यांनी मोजू नका

सगळ्यात जास्त पस्तावा या चुकीचा होतो. नुसता पैशांचाच नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

राइडिंग मोअरच्या मॅन्युअलमध्ये कमाल उतार दिलेला असतो. बहुतेकांत तो १५ अंश असतो, काही झीरो टर्नना त्याहून कमी. १५ अंश ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात दहा फूट पुढे गेल्यावर २ फूट ८ इंच चढ, असा तो हिशोब. पाच फुटी फळी उताराच्या दिशेनं, वरून खाली, जमिनीवर टाका आणि तिच्यावर फोन ठेवून लेव्हलचं अॅप उघडा. आमचा तळ्याकडचा भाग मला "थोडासा उतरता" वाटायचा. तो भरला १७ अंश.

झीरो टर्नची गंमत अशी की त्याला सहसा स्टिअरिंग नसतंच. मागच्या दोन चाकांना वेगवेगळी मोटर असते आणि दोन दांड्यांनी त्यांचा वेग कमी-जास्त केला की मशीन वळतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी, नुसती सोबत फिरणारी. ब्रेकसुद्धा त्याच मागच्या चाकांतून. म्हणजे ओल्या गवतावर मागची पकड सुटली की वळणं आणि थांबणं, दोन्ही एकाच क्षणी हातातून जातं. एकदा सकाळी साडेसातला, दव असताना, मी हे शिकलो. दांड्या मागे ओढून धरल्या होत्या, मागची चाकं उलटी फिरत होती आणि मशीन शांतपणे तळ्याकडे निघालं होतं. काठापासून आठ-नऊ फुटांवर एका स्वीटगमच्या बुंध्याला अडलं. घरी तेव्हा सांगितलं नाही.

साध्या लॉन ट्रॅक्टरला (छोट्या ट्रॅक्टरसारख्या दिसणाऱ्या राइडिंग मोअरला) पुढच्या चाकांचं खरं स्टिअरिंग असतं, त्यामुळे उताराला तो जरा बरा. जरा म्हटलंय, निर्धास्त नव्हे. राइडिंग मोअरनं उतारावर नेहमी खाली-वर कापायचं, आडवं नाही. आडवं नेलं तर कलंडायची भीती. हातानं ढकलायच्या मोअरला नियम नेमका उलटा, तो आडवा न्यायचा, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जात नाही. काही झीरो टर्नना डोक्यामागे लोखंडी कमान असते. ती उभी असताना सीटबेल्ट लावायचा. फांद्यांना अडते म्हणून लोक ती आडवी करून ठेवतात. मग तिचा उपयोग शून्य. १५ अंशांच्या वर जे काही असेल तिथे मोअर नेऊच नका. आम्ही तिथे पाइनचा पाला पसरला आणि झुडपं लावली. कटकट मिटली.

फाटक, शेडचं दार आणि च्यूट

डेक ४२ इंची म्हणजे मशीन ४२ इंच रुंद, असं नसतं. उजवीकडे गवत फेकणारा प्लास्टिकचा च्यूट असतो, तो धरून रुंदी ५२ ते ५५ इंचांपर्यंत जाते. फाटक ४८ इंची असेल तर दर वेळी च्यूट उचलून धरायचा आणि पलीकडे सोडायचा. कंटाळून लोक तो कायमचा काढून टाकतात. असं कधीही करू नका. पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे ताशी साधारण ३४५ किलोमीटर. त्या वेगानं उडालेला खडा शेजाऱ्याच्या काचेपर्यंत जातो, आणि काचेच्या जागी कुणी माणूसही असू शकतो.

फाटकाबरोबर शेडच्या दाराची उंची, चढायच्या फळीचा उतार आणि झाडांच्या सगळ्यात खालच्या फांद्याही मोजून ठेवा.

एचपीचा आकडा

२० एचपी, २४ एचपी. आपल्याकडे पाण्याची मोटर घेतानाही हाच पहिला प्रश्न, त्यामुळे सवय जात नाही. इथे मोअरच्या एचपीच्या आकड्यांवरून ग्राहकांनी बड्या कंपन्यांवर दावे लावले होते आणि २०१० मध्ये त्यात मोठी तडजोड झाली. तेव्हापासून बऱ्याच मशीनवर एचपीऐवजी सीसी किंवा टॉर्क छापलेला दिसतो. एक-दीड एकराला आजचं कुठलंही इंजिन पुरून उरतं. एचपीपेक्षा विचारायच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, डेकचा पत्रा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १० गेज म्हणजे साधारण ३.४ मिलिमीटर, १३ गेज म्हणजे सव्वादोन. आमच्याकडे झाडांची मुळं लाल मातीतून वर आलेली असतात, त्यामुळे पातळ डेकला लवकर पोचे पडतात.

दुसरी, ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग. आता जवळपास सगळे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असतात, पण स्वस्त मॉडेलमध्ये ते सीलबंद येतं, तेल बदलायची सोयच नसते. सपाट जागेवर ते वर्षानुवर्षं चालतं. चढावर रोज ताणलं, मागे मातीची ट्रॉली ओढली की तेल तापतं, पातळ होतं आणि मग अर्ध्या तासानंतर मशीन चढावर दम खाऊ लागतं. उतार असलेल्यांनी पैसे घालायचेच तर डेकच्या रुंदीत घालू नयेत, इथे घालावेत. तेल बदलता येतं का, एवढं विचारा. विक्रेता गडबडला तर उत्तर मिळालं.

सेल आणि सर्व्हिस

मोठ्या दुकानात किंमत कमी दिसते आणि शून्य टक्के व्याजही मिळतं. पण मे महिन्यात, गवत आठवड्याला दोनदा कापावं लागतं त्या दिवसांत, पट्टा तुटला तर मशीन कोण नेणार? माझा दोन आठवडे गॅरेजमध्ये पडून होता. विकणाऱ्यांनी दुसऱ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला आणि हात झटकले. जवळचा डीलर, भले दोनशे डॉलर महाग, पण स्वतः येऊन नेतो का, पाती आणि पट्टे हाताशी ठेवतो का, हे विचारून घ्या. शक्य असेल तर खरेदी शरद ऋतूत करा, तेव्हा डीलरला बोलायलाही वेळ असतो.

वापरलेला घेणार असाल तर मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं असं समजा. इंजिन बंद असताना किल्ली काढून पात्याचा स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) हातमोजा घालून फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय.

बॅटरीवरचे मोअर शांत असतात, आणि कॅलिफोर्नियात तर २०२४ पासूनच्या नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर बंदीच आली आहे. एकरभर सपाट जागेला उत्तम. चढ आणि दाट गवत असेल तर कंपनी सांगते त्यापेक्षा चार्ज लवकर संपेल असं धरून मोठी बॅटरी घ्या.

नवं मशीन, तरी कुरबूर

सेलमधला मोअर परत करायला निघालेल्या निम्म्या लोकांचं मशीन ठीक असतं.

सुरूच होत नाही: सीटवर नीट बसा. सीटखाली स्विच असतो, वजन पडलं नाही की इंजिन बंद. पात्याचं पिवळं बटण खाली दाबलेलं हवं, ब्रेक लावलेला हवा. तरी टक्-टक् वाजत असेल तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी पाहा.

इंजिन चालू, पण गाडी हलत नाही: मागे एक छोटी सळई असते, हातानं ढकलायला सोपं जावं म्हणून ट्रान्समिशन मोकळं करणारी. डिलिव्हरीवाले ती ओढलेलीच सोडून जातात. एका मैत्रिणीनं यासाठी दोनदा माणूस बोलावला. ती सळई ओढलेली नसताना मशीन दोरी लावून ओढू नका, आतली वाट लागते.

गवत एका बाजूला खोल, दुसरीकडे उंच: डेकला हात लावण्याआधी चाकांची हवा बघा. लॉन ट्रॅक्टरला पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास लागते. कारखान्यातून चाकं बऱ्याचदा टम्म फुगवून येतात. हवा सारखी झाल्यावरच डेक सपाटीत आणा, पुढची कड मागच्यापेक्षा पाव इंच खाली.

कापल्यावर दोन दिवसांनी लॉन राखाडी दिसतं: पातं बोथट आहे. ते गवत कापत नाही, फाडतं. एक काडी उपटून टोक डोळ्यांजवळ धरा, चिंध्या दिसतील. साधारण २५ तासांनी पातं घासून घ्या. आमच्या भागात फेस्क्यू गवत असतं, ते तीन-साडेतीन इंचांखाली आणू नका, नाहीतर जुलैत जळतं.

महिनाभर ठेवल्यावर अडखळत चालतो: पेट्रोल शिळं झालंय. १० टक्के इथेनॉलपर्यंत चालतं. पंपावर १५ टक्क्यांचं स्वस्त पडतं, पण ते अशा इंजिनांत घालायला मनाईच आहे.

मुलांना मांडीवर घेऊ नका

गावाकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आपण सगळे मोठे झालो, म्हणून इथेही हौसेनं पोराला मांडीवर घेऊन फोटो काढतात. एकदा चक्कर मिळालेलं पोर पुढच्या वेळी आवाज ऐकला की मोअरच्या मागे धावत येतं, आणि मागे घेताना ते दिसत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते राइडिंग मोअर चालवायला वय किमान १६ हवं. उलटं नेताना पाती बंद पडतात तेव्हा लोक वैतागतात आणि ती सोय बाजूला करणारी किल्ली कायम फिरवून ठेवतात. आमच्याकडे ती किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात असते.

आता आमच्याकडे ४२ इंची डेकचा ट्रॅक्टर आहे, ट्रान्समिशनचं तेल बदलता येतं असा. जुना झीरो टर्न सिलर सिटीकडच्या एका घोडेवाल्यानं नेला. ट्रेलरवर चढवताना त्याच्या फाटकाची रुंदी विचारली. म्हणाला, बारा फूट.