टूलबॉक्स नसतानाही नेमकी स्क्वेअर वेव्ह

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्क्वेअर वेव्ह, म्हणजे +१ आणि −१ मध्ये उड्या मारणारी चौकोनी लहर, बनवणारं ‘स्क्वेअर’ हे फंक्शन सिग्नल प्रोसेसिंग टूलबॉक्स या वेगळ्या जोडणीत येतं. तो नसेल तर बरेच जण साइन काढून तिचं चिन्ह (+ की −) घेतात. हे टाळा. साइन जिथे शून्यातून जाते तिथे उत्तर कधी ० येतं, तर कधी दशांशाच्या बारीक चुकीमुळे कडा एका सॅम्पलने, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या एका बिंदूने, सरकते.

त्यापेक्षा वेळ बाजूला ठेवा आणि सॅम्पलचा पूर्णांक क्रमांक धरा. सॅम्पलिंग १००० हर्ट्झ (सेकंदाला १००० सॅम्पल) आणि लहर ५० हर्ट्झ असेल, तर एका आवर्तनात २० सॅम्पल. क्रमांकाला २० ने भागून उरलेली बाकी १० पेक्षा कमी असेल तर +१, नाहीतर −१. पूर्णांकांत चूक शिरायला जागाच नाही. ३० टक्के ड्यूटी सायकल हवी, म्हणजे आवर्तनाचा ३० टक्के भागच +१ हवा? १० च्या जागी ६ घाला. मात्र आवर्तनातले सॅम्पल पूर्णांकातच यायला हवेत, म्हणून सॅम्पलिंग दर तसाच निवडा.

तयार फंक्शनच वापरणार असाल तर एक फरक सांभाळा: मॅटलॅबला ड्यूटी टक्क्यांत लागते, म्हणजे ३०, पायथन भाषेतल्या सायपाय या लायब्ररीला ०.३. मॅटलॅबमध्ये आलेख ‘स्टेअर्स’ या फंक्शनने काढा, साध्या ‘प्लॉट’मध्ये उभ्या कडा तिरक्या दिसतात.