मोफत प्लॅन कुठे संपतो? ॲप आणि प्रोटोटाइप बनवण्याच्या साधनांची तुलना कशी करावी

ॲप बनवण्याचे साधन निवडताना बहुतेक जण चार-पाच साधनांची किमतींची पाने उघडतात आणि मोफत रकान्यात ज्याच्यापुढे सर्वाधिक बरोबरच्या खुणा दिसतील ते साधन पक्के करतात. या खुणांवरून काय मिळते ते कळते. काम मात्र जे मिळत नाही त्याच्यापाशी अडते, आणि तेही बहुधा निम्मे ॲप बांधून झाल्यावर. मोफत प्लॅनचे कुंपण कुठे घालायचे हे कंपनीने पूर्ण विचार करून ठरवलेले असते, त्यामुळे तुलना करायची ती या कुंपणांची, आणि तीही स्वतःच्या कामाचे माप हातात घेऊन.

हे माप आधी कागदावर उतरवावे. उदाहरणासाठी एका लहान वाचनालयाचे ॲप घेऊ: ४०० पुस्तके, ६० सभासद, नोंदी करणारे ३ ग्रंथपाल आणि महिन्याला सुमारे २५० पुस्तकांची देवघेव. पुस्तक नेल्याची व परत आणल्याची नोंद एकाच ओळीत ठेवली तरी वर्षाला ३,००० ओळी होतात, आणि त्यात पुस्तके व सभासद मिळवले की आकडा ३,४६० वर जातो. आता ज्या साधनाच्या मोफत प्लॅनमध्ये काहीशे नोंदींचीच मर्यादा आहे, ते पुस्तकांची यादी भरतानाच संपेल हे साधन न उघडताही कळते. एवढा हिशेब करायला दहा मिनिटे लागतात. माझ्या मते तुलनेचे निम्मे काम याच दहा मिनिटांत होते.

दुसरा प्रश्न हा की तुम्हाला प्रोटोटाइप हवा आहे की चालणारे ॲप. प्रोटोटाइपमध्ये स्क्रीन दिसतात, बटण दाबले की पुढची स्क्रीन येते, पण मागे माहिती साठत नाही. दोन्ही प्रकारची साधने एकाच तक्त्यात बसवली तर तुलना फसते, कारण त्यांची कुंपणे वेगळ्या जागी असतात. प्रोटोटाइपच्या साधनात फाइलींची, पानांची आणि सहसंपादकांची मर्यादा महत्त्वाची. ॲप बांधण्याच्या साधनात नोंदी, वापरकर्ते, प्रकाशन आणि कोड बाहेर काढण्याची मुभा महत्त्वाची.

प्रोटोटाइपच्या बाजूचा निवाडा तुलनेने लवकर होतो. फिग्माच्या मोफत स्टार्टर प्लॅनमध्ये टीमच्या जागेत ३ डिझाइन फाइली ठेवता येतात, आणि फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांपर्यंतच मागे जाऊन पाहता येतात. एका वाचनालयाच्या ॲपला एक फाइल पुरते, म्हणून ही मर्यादा आपल्याला टोचणार नाही. एकाच वेळी पाच ग्राहकांची कामे हाताळणाऱ्याला मात्र ती पहिल्याच आठवड्यात टोचेल. पेनपॉट हे मुक्त-स्रोत साधन आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते, तेव्हा प्लॅनची मर्यादा हा प्रश्नच उरत नाही, पण सर्व्हर सांभाळण्याचे काम आपल्या गळ्यात पडते. एकट्याने काम करणाऱ्याने त्या भानगडीत न पडता पेनपॉटची तयार ऑनलाइन सेवा वापरावी, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. बीटा काळात, म्हणजे सोय पूर्ण तयार होण्याआधीच वापरायला दिलेली असताना, ती मोफत असली तरी प्लॅनचा भाग समजू नये. फिग्माचा डेव्ह मोड (डिझाइनची मापे आणि कोड विकसकांना दाखवणारी सोय) २०२३ मध्ये आला तेव्हा बीटा म्हणून मोफत होता आणि २०२४ च्या सुरुवातीला तो सशुल्क झाला. चाचणी मुदतीचेही तसेच आहे: काही दिवस सर्व सुविधा खुल्या असतात आणि त्याच काळात आपण ॲप बांधतो, मुदत संपल्यावर कळते की आपण वापरलेल्या निम्म्या गोष्टी मोफत प्लॅनमध्ये नव्हत्याच. म्हणून नोंदणी करताना चाचणी मुदत आपोआप सुरू होत असेल, तर ती संपेपर्यंत वाट पाहावी किंवा ती नाकारून थेट मोफत प्लॅनवर जावे. तुलना करायची ती त्या अवस्थेतील साधनाची.

चालणाऱ्या ॲपच्या बाबतीत कुंपणे अनेक आहेत आणि ती प्रत्येक साधनात वेगळ्या जागी आहेत. ॲपशीट हे साधन २०२० पासून गूगलकडे आहे. त्यात १० वापरकर्त्यांपर्यंत मोफत बांधणी व चाचणी करता येते. आपल्या वाचनालयातील ६० सभासदांनी स्वतः ॲप उघडायचे असेल तर येथेच थांबावे लागेल. केवळ ३ ग्रंथपालांनी वापरून पाहायचे असेल तर चाचणीपुरते ते आरामात बसते. एकच मर्यादा एका आखणीत आडवी येते आणि दुसऱ्या आखणीत जाणवतही नाही, म्हणून साधन बदलण्याआधी आखणी बदलून पाहावी. सभासदांना खरोखर लॉगिन हवे आहे का, की त्यांना यादी नुसती पाहता आली तरी पुरे? लॉगिनची संख्या कमी झाली की कितीतरी मोफत प्लॅन पुन्हा आवाक्यात येतात.

बबलमध्ये मोफत प्लॅन शिकण्यासाठी आणि बांधणीसाठी आहे. ॲप लोकांसाठी खुले करायचे तर पैसे भरावे लागतात. शिवाय बबलमध्ये बांधलेले ॲप बबलवरच चालते, त्याचा कोड काढून दुसरीकडे नेता येत नाही, मग प्लॅन कोणताही असो. फ्लटरफ्लोमध्ये कोड बाहेर काढता येतो, पण ती सोय सशुल्क प्लॅनमध्ये आहे. वरवर पाहता दोन्हींच्या मोफत रकान्यात ‘कोड नाही’ असेच लिहिलेले दिसेल, मात्र अर्थ वेगळा आहे: एकीकडे दार पैसे भरून उघडते, दुसरीकडे दारच नाही. एमआयटी ॲप इन्व्हेंटरची गोष्ट आणखी निराळी. २०१० मध्ये गूगलमध्ये सुरू झालेले आणि नंतर एमआयटीने चालवायला घेतलेले हे साधन पूर्णपणे मोफत आहे, त्यातून ॲन्ड्रॉइडवर बसवता येणारी फाइल मिळते आणि प्रकल्पाची मूळ फाइलही उतरवून घेता येते. दिसायला ते साधे आहे आणि ठोकळे जोडून तर्क बांधण्याची त्याची पद्धत मोठ्या ॲपमध्ये पसारा करते, पण आपल्या वाचनालयाच्या ॲपला मी त्याचा विचार सर्वांत आधी करेन.

नोंदी साठवायला वेगळी सेवा जोडायची असेल तर तिचाही मोफत प्लॅन तपासावा लागतो, आणि ही पायरी हमखास विसरली जाते. फायरबेसच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये मोफत कोटा दिवसाला ५०,००० वाचनांचा आणि २०,००० लेखनांचा आहे (एक नोंद उघडली की एक वाचन), साठवण १ जीबीच्या आसपास. ५०,००० हा आकडा प्रचंड वाटतो. पण साध्या बांधणीत पुस्तकांची पूर्ण यादी एकदा उघडली की ४०० वाचने खर्च होतात, म्हणजे दिवसभरात यादी १२५ वेळाच उघडता येते. ६० सभासदांनी दिवसातून दोनदा ॲप उघडले तर १२० वेळा झाल्या आणि ४८,००० वाचने संपली. त्यात ग्रंथपालांची भर पडली की संध्याकाळपर्यंत कोटा आटोपतो आणि मोफत प्लॅनवर तो पुन्हा भरेपर्यंत यादी उघडत नाही. हीच यादी एका वेळी २० पुस्तके दाखवेल अशी बांधली, तर पहिला पडदा २,५०० वेळा उघडता येतो. मर्यादा तीच, फरक बांधणीचा. त्यामुळे ‘हा कोटा पुरतो का’ हा प्रश्न साधनाला विचारण्याआधी आपल्या स्क्रीनला विचारावा.

सुपाबेस या दुसऱ्या डेटाबेस सेवेचे कुंपण वेगळ्याच जागी आहे. तेथे मोफत प्लॅनवर २ प्रकल्प आणि प्रत्येकाला ५०० एमबीचा डेटाबेस मिळतो, आणि आपल्या साडेतीन हजार ओळी त्यात कोपऱ्यात मावतील. पण आठवडाभर प्रकल्पाकडे कोणी फिरकले नाही तर तो थांबवला जातो आणि आपण जाऊन पुन्हा चालू करावा लागतो. वाचनालय सुटीत दहा दिवस बंद राहिले, तर उघडण्याच्या दिवशी पहिल्या सभासदाला ॲप बंद दिसेल. जागा भरपूर, जाग कमी, असे हे गणित आहे. रोज वापरल्या जाणाऱ्या ॲपला याचा त्रास नाही. वर्षातून दोनदा होणाऱ्या कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी मात्र हे लक्षात ठेवून पाऊल टाकावे.

सूचना लिहून ॲप तयार करून देणाऱ्या नव्या एआय साधनांत मोफत प्लॅन क्रेडिटमध्ये मोजला जातो. तेथे किती क्रेडिट मिळतात याहून ती कशावर खर्च होतात हे पाहावे, कारण साधनाने स्वतःच केलेली चूक दुरुस्त करायला सांगितले तरी बहुधा क्रेडिट जातेच. क्रेडिट रोज भरतात की महिन्याला, आणि शिल्लक पुढे जाते की बुडते, हेही तपासावे.

गोपनीयतेचे कलम किमतींच्या पानावर सहसा नसते. काही साधनांच्या मोफत प्लॅनमध्ये प्रकल्प सार्वजनिक राहतो आणि खासगी ठेवण्याचे पैसे पडतात. फिग्माने २०२४ मध्ये एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर वापरण्याची मुभा स्टार्टर आणि प्रोफेशनल टीमसाठी मुळात चालू ठेवली होती, तर मोठ्या संस्थांच्या प्लॅनसाठी मुळात बंद. ज्यांना नको त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करायची होती. नोंदणी झाल्याबरोबर सेटिंगची सर्व पाने एकदा नजरेखालून घालावीत. सभासदांची नावे आणि फोन क्रमांक त्या आधी भरू नयेत. चाचणीला बनावट नावे पुरतात.

ॲप स्टोअरचा खर्च तर कोणत्याच मोफत प्लॅनमध्ये धरलेला नसतो. गूगल प्लेवर विकसक म्हणून नोंदणीला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती माणसे कोण, हे आधीच ठरवलेले बरे. आपले ॲप ब्राउझरमध्ये चालले तरी भागत असेल, तर हा सारा भाग गळून पडतो. आयफोनवरही होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सूचना पाठवता येतात.

आता प्रत्यक्ष पारख. कागदावरच्या हिशेबातून दोन साधने उरतील इतकी चाळणी लावावी आणि प्रत्येकाला एक संध्याकाळ द्यावी. त्या संध्याकाळी लॉगिनची किंवा स्वागताची स्क्रीन बनवत बसू नये. ती सगळीकडे छानच बनते. सर्वांत अवघड स्क्रीन आधी घ्यावी. वाचनालयाच्या ॲपमध्ये ती ‘मुदत उलटलेली पुस्तके’ ही आहे, कारण तिथे तारखांची वजाबाकी, गाळणी आणि दोन तक्त्यांची जोडणी एकदम लागते. मी स्वतः एकदा अकरा स्क्रीन हौसेने सजवल्या आणि बाराव्या स्क्रीनला लागणारी तारखांची गाळणी सशुल्क असल्याचे तेव्हा कळले. त्या साधनाचा यात दोष नव्हता. ते त्यांच्या पानावर लिहिलेले होते, मी खाली सरकलो नव्हतो.

अवघड स्क्रीन चालली की ४०० खोट्या नोंदी एकदम भराव्यात आणि जुन्या फोनवर यादी उघडून पाहावी. मग दुसऱ्या माणसाला संपादक म्हणून बोलवावे, कारण ‘टीम’ हा शब्द मोफत रकान्यात असला तरी दुसऱ्याला बदल करता येतात की नुसते पाहता येते, हे आमंत्रण पाठवल्यावरच स्पष्ट होते. शेवटी सर्व नोंदी बाहेर काढून पाहाव्यात. फाइल मिळाली एवढ्यावर समाधान मानू नये. ती स्प्रेडशीटमध्ये उघडावी, देवनागरी अक्षरे शाबूत आहेत का आणि कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले हा दुवा टिकला आहे का, ते बघावे. पुष्कळदा नावांच्या जागी लांबलचक सांकेतिक क्रमांक येतात आणि ती फाइल दुसरीकडे भरताना घाम फुटतो.

ही बाहेर पडण्याची चाचणी अतिसावधपणाची वाटेल, पण या क्षेत्राचा इतिहास तिच्या बाजूचा आहे. ॲपसाठी तयार सर्व्हर आणि डेटाबेस देणारी पार्स ही सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती बंद झाली. गूगलचे ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. ॲप चालवायला सर्व्हर देणाऱ्या हेरोकूने मोफत प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये काढून टाकला. प्रोटोटाइपसाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे इनव्हिजन २०२४ च्या अखेरीस मिटले. यांपैकी पार्सच्या वापरकर्त्यांना त्यातल्या त्यात वाट मिळाली, कारण सर्व्हरचा कोड मुक्त-स्रोत करून देण्यात आला होता.

सशुल्क प्लॅनची पहिली पायरीही तक्त्यात लिहावी, कारण ॲप वापरात आले की एक दिवस तिच्यावर चढावे लागेल. आकारणी संपादकामागे आहे, ॲपमागे आहे की वापरानुसार, हे पाहून आपल्या आकड्यांनी गुणाकार करावा. संपादकामागे स्वस्त दिसणारा दर ३ ग्रंथपालांनी गुणला की ॲपमागच्या महाग दरापेक्षा वर जाऊ शकतो. पानावर ठळक अक्षरात छापलेला मासिक दर बऱ्याचदा वर्षाचे पैसे एकदम भरले तरच लागू असतो. दर महिन्याला भरायचा दर शेजारच्या बटणामागे असतो.

तक्त्यातील प्रत्येक आकड्यापुढे तो पाहिल्याची तारीख लिहावी आणि किमतींच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. ॲप सुरू झाल्यावर महिन्यातून एक दिवस ठरवून नोंदींची फाइल उतरवून घ्यावी आणि त्याच वेळी वापर मर्यादेच्या किती जवळ आला आहे तेही पाहावे. वाचनालयाच्या ॲपमध्ये महिन्याला २५० ओळी वाढतात, म्हणजे ज्या साधनाची मर्यादा १,००० नोंदींची आहे तेथे ४६० पासून सुरुवात करून तिसऱ्या महिन्यातच कुंपण लागेल, आणि स्थलांतराची तयारी दुसऱ्या महिन्यात सुरू व्हायला हवी.