टोमॅटो कुजायला लागायच्या आधी हाताशी काय काय हवं

गच्चीवर टोमॅटो लावले की बऱ्याच जणांकडे एकच प्रकार होतो, पहिल्या घोसाला फळं धरतात, लिंबाएवढी होतात आणि बुडाशी काळा डाग पडतो, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बुरशीनाशक आणून फवारतात, डाग तसाच राहतो आणि पुढची फळंही तशीच निघतात. फवारणीत पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. म्हणून रोपं लावायच्या आधीच काय जमवायचं ते लिहून ठेवतेय, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावणार असाल तर आत्तापासूनच लागा.

पहिली गोष्ट फुकटची आहे, डाग नक्की कुठे पडलाय ते बघायची सवय. देठाच्या उलट टोकाला, म्हणजे जिथे आधी फूल होतं त्या बाजूला, सुरुवातीला पाणी मुरल्यासारखा फिकट डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो, मग काळा, खोलगट आणि चिवट, बोटाने दाबलं तरी पचकन आत जात नाही. पानं मात्र हिरवीगार असतात. कधीकधी फळ वरून छान दिसतं आणि कापलं की आत बुडाशी काळं. हा ब्लॉसम एंड रॉट, हा रोग नाहीच, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जात नाही. पुढे त्या मेलेल्या भागावर काळी बुरशी चढते आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते, बुरशी दिसली म्हणजे बुरशीमुळेच कुजलं असं वाटतं.

बाकीचे प्रकार वेगळे दिसतात, एकदा पाहिले की लक्षात राहतात. खालच्या जुन्या पानांवर गोलात गोल असलेले तपकिरी ठिपके, भोवती पिवळेपणा आणि फळाला देठापाशी काळा खड्डा, हा लवकर येणारा करपा. थंड ढगाळ हवा, रिमझिम किंवा धुकं असताना पानांवर तेलकट डाग आले, सकाळी पान उलटून बघितलं तर डागाच्या कडेला पांढरी बुरशी, आणि फळाच्या वरच्या भागावर तपकिरी, कडक, खडबडीत चट्टे, तर तो उशिरा येणारा करपा, आणि हा खरंच घाबरण्यासारखा आहे कारण काही दिवसांत अख्खं झाड बसतं. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक ज्याने बुडवलं तो हाच, त्यामुळे बटाट्याची कुंडी टोमॅटोला चिकटून ठेवू नका. मातीला टेकलेलंच फळ कुजत असेल तर ती मातीतली फळकूज, गोल भोक आणि शेजारी विष्ठा दिसली तर फळ पोखरणारी अळी, आणि उन्हाच्या बाजूला पांढरट कागदी चट्टा असेल तर नुसतं ऊन लागलंय.

आता बुडाच्या काळ्या डागाबद्दल, कारण घरी सगळ्यात जास्त तोच दिसतो आणि त्याचं जवळजवळ सगळं पाण्यात आहे. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरंय, पण बहुतेक वेळा मातीत ते भरपूर असतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं, पानांतून सतत वाफ जाते म्हणून बहुतेक पाणी पानंच ओढतात, फळाच्या वाट्याला थोडंच येतं, आणि एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळाकडे येत नाही. त्यात दुपारी कुंडी खडखडीत वाळली आणि संध्याकाळी तुम्ही बादलीभर ओतलं, असं रोज चाललं तर वाढत्या फळाचं ते टोक उपाशीच राहणार. आपल्याकडची काळी माती तर बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्तच असते, तरी त्यात लावलेल्या टोमॅटोला हा डाग येतो, मग वरून आणखी चुना घालून काय मिळणार, उलट मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि बाकीची अन्नद्रव्यं अडकतात. अंड्याच्या टरफलांचंही तेच, ती फार हळू विरघळतात, चालू हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग होत नाही. आणि एप्सम सॉल्ट तर अजिबात नको, त्यातलं मॅग्नेशियम मुळांपाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं, असलेला त्रास वाढू शकतो.

म्हणून तयारीतला सगळ्यात मोठा खर्च कुंडीवर करा. एका झाडाला निदान १२ बाय १२ इंचाची ग्रो बॅग, जागा असेल तर १५ इंची, लहान डब्यात एप्रिलच्या उन्हात ओल टिकतच नाही. तळाला भोकं हवीतच, साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरली तरी हाच डाग येतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणार असाल तर दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, न धुतलेल्यात सोडियम आणि पोटॅशियम असतं आणि तेही कॅल्शियमच्या आड येतं. वर टाकायला वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या, दोन-तीन इंचांचा थर. हे आच्छादन लोक हमखास विसरतात, खरंतर त्यानेच निम्मं काम होतं, ओल टिकते आणि पावसाचे चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. पाणी सकाळी, बुडाशी, बोट दोन पेरं आत घालून बघून द्यायचं. सुट्टीत बाहेर जाणार असाल तर छोटा ठिबक संच आणि टायमर घ्या, शेजारच्या काकूंवर रोजचं सोपवलं की एक दिवस राहतोच.

खतात युरिया आणि कोंबडीखताचा मारा नको, पाला माजतो आणि फळाचं कॅल्शियम आणखी कमी होतं. कॅल्शियम नायट्रेटचं छोटं पाकीट आणून ठेवा, फळं धरायला लागली की लिटरला २ ग्रॅम विरघळवून आठवड्यातून एकदा मुळाशी द्या, पण पाणी नियमित असेल तरच त्याचा फायदा. ते १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाशच्या खतात मिसळू नका, तळाला साका बसतो आणि दोन्ही वाया, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या.

करप्यासाठी बांबू, सुतळी, कात्री आणि स्पिरिट. झाड वर बांधायचं, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढायची, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसायची. फवारायला बोर्डो मिश्रण घरी होतं, १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना अर्धा लिटरमध्ये, भांडी प्लॅस्टिकचीच, दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत हळूहळू ओतत ढवळायचं. मग त्यात स्वच्छ लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, चुन्याची थोडी निवळी आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी वापरून संपवायचं. हातमोजे आणि मास्क घाला, आणि हे रोग यायच्या आधीचं औषध आहे, झाड अर्धं काळं झाल्यावर फवारून काही होत नाही. विकतचं औषध घेतलं तर फळ तोडायच्या आधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, ते पाळाच, शेवटी घरातली पोरं खाणार आहेत. बी घेताना अर्का रक्षक किंवा अर्का अभेद विचारा, बेंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती पिकांच्या संशोधन संस्थेचे हे संकरित वाण आहेत, दोन्ही लवकर येणाऱ्या करप्याला बऱ्यापैकी टिकतात, अभेद उशिरा येणाऱ्यालाही.

एवढं करूनही डाग आलाच तर काळ्या बुडाची फळं काढून टाका, ती बरी होत नाहीत आणि उगाच झाडाची ताकद खातात, बुरशी चढली नसेल तर काळा भाग जाडसर कापून उरलेलं आमटीत चालतं. पाणी सुधारलं की पुढच्या घोसाची फळं बहुधा चांगली येतात, दोन-तीन आठवडे धीर धरा. भोक पडलेली फळं अळीसकट नष्ट करा. उशिरा येणाऱ्या करप्याचं झाड मात्र ओलं असताना हलवू नका, कोरड्या वेळी मुळासकट उपटा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, घरच्या कंपोस्टात नको. त्या कुंडीत पुढची दोन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यातलं काही लावू नका, मेथी किंवा मुळा घ्या, आणि उन्हाळ्यात माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे कडक उन्हात तापवून घ्या.