एटीव्ही पेट्रोल घेत नाही तेव्हा

पौडच्या पुढे आमची शेती आहे, आणि तिथंच गेली सहा वर्षं आम्ही कृषी पर्यटन चालवतो. पाहुण्यांना शेतातल्या कच्च्या वाटांवर फिरवायला चार एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या, कच्च्या वाटेवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या, ठेवल्यात. तीन कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), १२५ सीसीच्या. चौथी मोठी, फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणारी. या गाड्यांना रस्त्याचं पासिंग नाही, त्यामुळे बंद पडली की टेम्पोच सांगावा लागतो, आणि पिरंगुटचा घाट उतरून गॅरेजला नेऊन आणेपर्यंत शनिवार-रविवार संपलेला असतो. म्हणून मी हे काम शिकले. माझ्या मामांचं वारज्यात टू-व्हीलरचं गॅरेज होतं, त्यांनी शिकवलं.

शिकायला कारण झालं ते दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात. एक गाडी दहा मिनिटं झकास चालायची, मग चढावर आचके देऊन बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजमधून नवा कार्बोरेटर बसवून आणला, चांगले पैसे मोजले, आणि पहिल्याच फेरीत ती त्याच चढावर उभी राहिली. रविवारी मामा आले. त्यांनी पान्याला हातही न लावता टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. "मार आता सेल्फ," म्हणाले, आणि गाडी लागली. या गाड्यांच्या झाकणातून एक बारीक नळी हँडलकडे आलेली असते, टाकीत हवा जायला. तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून यावी लागते. ती वाट बुजली की पेट्रोल टाकीतच अडकून राहतं.

"टाकीपासून प्लगपर्यंत पेट्रोलची वाट एकच आहे, तू वरून खाली चालत ये. मधेच उडी मारून कार्बोरेटर खोलू नकोस." मामांचं हे वाक्य मी तेव्हापासून सोडलेलं नाही. पुढचं सगळं त्याच क्रमानं आहे.

काम उघड्यावर, सावलीत आणि इंजिन गार झाल्यावरच करा. जवळ चूल, विडी-सिगारेट काही नको. शेजारी वाळूची बादली ठेवा. पेट्रोलची नळी काढणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या पोरांना मी हे दर वेळी सांगते आणि दर वेळी तपासते.

आधी दोष पेट्रोलचाच आहे का ते बघा. हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण बंद स्थितीत नाही ना? लहान मुलं बसली की ते हमखास दाबलेलं असतं. ते ठीक असेल तर पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय. मग एक तर ते जास्त येतंय, नाहीतर ठिणगी पडत नाहीये. चालणाऱ्या गाडीच्या प्लगचा रंगही बोलतो. विटकरी-तपकिरी म्हणजे बरोबर, काळा काजळीचा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

आता टाकी. झाकण उघडून फुस्स होतंय का ऐका. झाकण सैल ठेवून गाडी नीट चालली तर दोष सापडला. नळी काढून फुंकर मारा, आरपार जाते का पाहा. मग टॉर्चनं आत बघा. पत्र्याची टाकी असेल तर तळाशी तांबूस गंज दिसतो का, आणि पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा उग्र वास येतो का. तसा वास आला तर पुढचं काही तपासू नका, आधी ते पेट्रोल काढून टाका.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडचे निम्मे दोष तिथूनच येतात. हल्ली पंपावर मिळतं ते नुसतं पेट्रोल नाही. देशात २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉलचं मिश्रण झालं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिश्रणात मुरून जळून जातं, त्यानं बिघडत नाही. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं आणि टाकीत दोन थर होतात. नळी निघते तळातून, म्हणजे इंजिनला पहिल्यांदा तेच पाणी आणि इथेनॉल जातं. गाडी लागतच नाही, लागली तर मिसिंग मारते. मुळशीच्या पावसात झाकणाचं रबर जरा कडक झालं तरी हे घडतं. ताडपत्रीवर विसंबून आम्ही एका जूनमध्ये दोन टाक्या घालवल्या. तपासायला सोपं आहे. पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर किंवा गोळे दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरचं पेट्रोल चांगलं दिसतंय म्हणून ते परत ओतू नका. त्यातलं इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही (इंजिनात न ठोकता जळायची क्षमता) उतरलेला असतो.

टाकीखाली पेट्रोल कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी. साधा कॉक असेल तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकच्या आतली जाळी किंवा मधला छोटा फिल्टर चोंदलाय. ऑनवर धार नाही पण रिझर्व्हवर आहे, तर टाकीत पेट्रोलच कमी आहे. काही गाड्यांना व्हॅक्यूमचा कॉक असतो, त्याला एक जास्तीची बारीक नळी इंजिनकडे गेलेली दिसते. इंजिन बंद असताना त्यातून धार पडत नाही, तो त्याचा दोष नव्हे. मात्र ती बारीक नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटलाय. मग पेट्रोल त्या वाटेनं सरळ इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. अशा वेळी कॉकच बदला. मी सुटे भाग नाना पेठेतून आणते. जुना भाग बरोबर न्यायचा. या गाड्यांचे बरेच भाग बाइकच्या भागांशी मिळतेजुळते असतात, पण नुसत्या अंदाजानं घेतलेला बसेलच असं नाही. रबरी नळी वळवल्यावर चिरा दिसत असतील तर तीही बदला, आणि घेताना इथेनॉलचं पेट्रोल चालणारीच मागा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर. आणि तोही लगेच खोलायचा नाही. खालच्या कटोरीला एक ड्रेनचा स्क्रू असतो. तो सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या. काहीच आलं नाही तर फ्लोटची पिन अडकलीय. फ्लोट म्हणजे कटोरीतला तरंगता भाग, तो या पिननं पेट्रोल आत सोडतो आणि थांबवतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कटोरीवर हलके टकटक करा, पुष्कळदा सुटते. पाणी किंवा कचरा आला तर दोन-तीनदा असंच धुऊन काढा आणि गाडी लावून बघा. आमच्याकडे कार्बोरेटर उतरवायची वेळ बऱ्याचदा इथंच टळते.

चोक दिल्यावर चालते आणि चोक काढला की बंद पडते, हे लक्षण मात्र पायलट जेटचं, म्हणजे इंजिन हळू फिरताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी स्क्रूचं. मार्च ते मे आमच्या दोनच गाड्या फिरतात, दोन उभ्या असतात. पुण्याच्या उन्हात कटोरीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि सगळ्यात बारीक भोक तोच आधी बुजवतो. जूनमध्ये ताम्हिणीकडे जाणारी गर्दी सुरू झाली की नेमक्या त्याच दोन गाड्या रुसतात. कार्बोरेटर उतरवा, कटोरी काढा, पायलट जेट बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं सोडवा. पितळ मऊ असतं, खाच बिघडली की पंचाईत. जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का पाहा. कार्बोरेटर क्लीनर मारा, जरा थांबा, हवेनं उडवा. त्यानं नाही सुटलं तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घाला. सुई, टाचणी, गिटारची तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी तो जेट गेला.

बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. बसवताना तितकेच फेरे बाहेर घ्यायचे. आत अगदी हलक्या हातानं टेकवा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल. म्हणजे एका कार्बोरेटरवर बाहेर फिरवल्यानं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं, दुसऱ्यावर जाड (पेट्रोल जास्त). हे न कळताच गाडी ट्यून करत बसलेली माणसं मी पाहिलीत.

कार्बोरेटरच्या नळीतून खाली पेट्रोल ठिबकत असेल तर उलटा दोष. फ्लोटच्या पिनचं रबरी टोक झिजलंय किंवा त्याखाली कचरा बसलाय. याकडे दुर्लक्ष करू नका, हे पेट्रोल इंजिनातही उतरतं. सकाळी गाडी लावण्याआधी ऑइलची पट्टी काढा. पातळी वाढलेली दिसली किंवा वास आला तर सेल्फ मारू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. पिन दुरुस्त करा, ऑइल बदला, मगच गाडी लावा.

पेट्रोल बरोबर असूनही पिकअप नसेल, आरपीएम आपोआप वरखाली होत असेल, तर हवेकडे बघा. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला तडा गेला की तिथून जास्तीची हवा आत शिरते. गाडी चालू ठेवून त्यावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तडा तिथंच. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टरचं तेल लावा. एक गोष्ट आणखी. पेट्रोलच्या १ भागाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. जुन्या मापाच्या जेटवर नवं पेट्रोल थोडं पातळ पडतं. सगळी सफाई करूनही प्लग पांढराच राहत असेल तर मेन जेट, म्हणजे जोरात चालताना पेट्रोल सोडणारा जेट, एक नंबर मोठा टाकून बघता येतो. सफाईच्या आधी नको.

इंजेक्शनच्या गाडीत मी फार खोल जात नाही. किल्ली फिरवली की पंपाचा दोन-तीन सेकंद गूं असा आवाज आला पाहिजे. नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग कनेक्टरमधला चिखल. त्या नळीत दाब असतो, ती एकदम उपसू नका. पंप वाजतोय आणि तरी गाडी लागत नाही, तर दाब मोजायचा गेज लागतो, तिथं मी जाणकार बोलावते.

गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालवा, मग कटोरीचा ड्रेन उघडून उरलेलं काढा. दोन महिन्यांवर जाणार असेल तर टाकीही रिकामी करा. हवेच्या नळीच्या तोंडावर मी आता बारीक जाळी बांधते, माशी आत जात नाही. आणि पेट्रोलच्या कॅनवर मार्करनं भरल्याची तारीख घालते. महिना उलटला की ते एटीव्हीत नाही, रोज चालणाऱ्या स्कूटरमध्ये जातं.