चार शुभवर्तमानं एकत्र न कालवता शेजारीशेजारी कशी वाचावीत

येशूच्या पहिल्या अनुयायांनी त्याला कसं आठवलं, कसं रंगवलं, हे पाहायला ग्रीक यावं लागत नाही आणि जाडजूड ग्रंथही लागत नाहीत. नवा करार (बायबलचा दुसरा भाग; मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची येशूच्या आयुष्याबद्दलची चार शुभवर्तमानं त्यातच आहेत), मोठे आडवे कागद, तीन रंगीत पेन्सिली आणि चार-पाच निवांत संध्याकाळी पुरतात. मी हे वाचन बरीच वर्षं करते आहे, एकटीने आणि गटात बसूनही. इतक्या वर्षांत एक सल्ला सतत कानावर आला आणि आता तो मला ऐकवत नाही: "चारही वाचा आणि सगळं जुळवून एक पूर्ण गोष्ट तयार करा." असं जुळवलंत की ज्यासाठी वाचायला बसलात तेच पुसलं जातं. चार मंडळ्यांनी, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समूहांनी, जपलेल्या चार आठवणी आपल्याला हव्या आहेत. जुळवलेली पाचवी गोष्ट त्यांच्यापैकी कुणीच सांगितलेली नव्हती.

१. भाषांतर एकच घ्या, शीर्षकं झाका

चारही शुभवर्तमानं एकाच भाषांतरातून वाचा, नाहीतर दोन भाषांतरकारांमधला फरक तुम्ही मत्तय आणि लूकच्या खात्यावर मांडाल. प्रसंगांवरची शीर्षकं मूळ लेखकांची नाहीत. त्यांच्याखाली कंसात दिलेले संदर्भ समांतर उतारा शोधायला वापरा आणि मग शीर्षकावर कागदाची पट्टी ठेवा.

२. सुरुवात पौलापासून करा

मत्तय पहिला छापलेला असतो म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. पण नव्या करारातलं सगळ्यांत जुनं लेखन म्हणजे पौल या सुरुवातीच्या प्रचारकाची पत्रं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५० चं, करिंथकरांस पहिलं पत्र त्यानंतर तीन-चार वर्षांचं. बहुतेक अभ्यासक मार्कला इ.स. ७० च्या आसपास ठेवतात, म्हणजे रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं त्या सुमारास. मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या दरम्यान, योहान शतकाच्या शेवटी.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा आणि तिसऱ्या वचनापासून मोठ्याने वाचा. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला. हे मला मिळालं तेच मी तुम्हांला दिलं, असं पौल स्वतः सांगतो. कानाला लगेच कळतं की ही पाठ करण्याजोगी ओळ आहे. पौल यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिला होता आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटला होता, हे गलतीकरांच्या पत्रात आहे. म्हणजे आठवण कुठून आली तेही दिसतं. आता काय नाही ते पाहा. गालील नाही, दृष्टांत नाहीत, आजारी बरे केल्याच्या कथा नाहीत. पहिल्या कागदावर एवढंच उतरवा आणि पुढे चला.

३. एका लहान प्रसंगावर हात बसवून घ्या

नासरेथचा प्रसंग घ्या: मार्क ६:१-६ आणि मत्तय १३:५४-५८. आडव्या कागदावर दोन रकाने आखा आणि दोन्ही उतारे हाताने लिहून काढा. फोटोप्रत नको, मोबाईलवरून चिकटवणंही नको. डोळा जो शब्द ओलांडून जातो त्याच्यावर हात थांबतो. दोन्हीकडे सारखं ते निळ्याने, एकाच ठिकाणी आहे ते लालने, बदललेलं ते हिरव्याने.

मार्कमध्ये गावकरी येशूला सुतार म्हणतात, मत्तयमध्ये सुताराचा मुलगा. मार्क म्हणतो की काही आजाऱ्यांना बरं करण्यापलीकडे त्याला तिथे कोणतंही महत्कृत्य करता आलं नाही. मत्तय म्हणतो की त्यांच्या अविश्वासामुळे त्याने तिथे फारशी महत्कृत्यं केली नाहीत. "करता आलं नाही" आणि "केली नाहीत" यांच्यामधली ती हिरवी रेघ पाहा. बहुतेक अभ्यासकांच्या मते मत्तयच्या समोर मार्कचं लेखन होतं, आणि मार्कच्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर कुठल्या ना कुठल्या रूपात मत्तयमध्ये सापडतो. म्हणजे जिथे त्याने शब्द बदलला तिथे बहुधा विचार करून बदलला. येशूबद्दलची भक्ती वाढली तशी "जमलं नाही" हे बोलायला जड जाऊ लागलं, असं मला या रेघेत दिसतं.

४. मरणाचा प्रसंग: इथे घाई करू नका

आता चार रकाने. मार्क १५:३२-३९, मत्तय २७:४४-५४, लूक २३:३२-४८, योहान १९:२५-३७. मी सगळ्यांत जास्त अडखळले ती ही जागा, आणि गटातले जवळजवळ सगळेच इथे अडखळतात.

मी लहानपणापासून उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकत आले. सातही एका ओळीत, एकाच आवाजात, दरवर्षी त्याच क्रमाने. पहिल्यांदा हा तक्ता करायला बसले तेव्हा मार्कच्या रकान्यात "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" लिहिलं आणि खाली पान मोकळं राहिलं. हात थांबेना. पेन्सिलीने त्याच्याखाली "हे बापा" लिहून झालं होतं तेव्हा लक्षात आलं की ते मार्कमध्ये नाही. पुस्तक उघडं समोर होतं आणि मी पाठांतरातून लिहीत होते. ते खोडलं. खोडल्याची खूण त्या कागदावर अजून आहे, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे.

सात उद्गारांचा हिशेब असा आहे: मार्क आणि मत्तय यांच्याकडे मिळून एकच, लूककडे तीन, योहानकडे तीन. चारांपैकी एकाही शुभवर्तमानात सातही नाहीत. मार्क ऐकणाऱ्या पहिल्या मंडळीला ती एकच आरोळी ऐकू येत होती. दोन्ही बाजूंना खिळलेले दोघेही येशूची निंदा करतात, त्यांच्यातला एकही पालटत नाही. दुपारी अंधार पडतो. येशू अरामी भाषेत ओरडतो, लोकांना वाटतं एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. मग मोठ्याने आरोळी आणि प्राण जातो. त्यानंतर, सगळं संपल्यावर, रोमी शताधिपती म्हणतो, खरोखर हा देवाचा पुत्र होता. या रकान्यात लूकचं एक वाक्य जरी सरकवलंत तरी तो अंधार हलका होतो आणि शताधिपतीच्या बोलण्याचा धक्का निघून जातो.

लूकचा रकाना वेगळा माणूस दाखवतो. इथे ती आरोळी मुळीच नाही. येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो (हे वचन काही जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून त्याच्याभोवती कंस करा), शेजारच्या गुन्हेगाराला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं सांगतो, आणि शेवटी आपला आत्मा बापाच्या हाती सोपवतो. शताधिपती इथे म्हणतो, हा माणूस खरोखर नीतिमान होता. आणि जमलेले लोक ऊर बडवत घरी जातात.

योहानच्या रकान्यात अंधार नाही, आरोळी नाही. आई आणि लाडका शिष्य समोर उभे आहेत आणि येशू त्यांना एकमेकांच्या हाती देतो. मग तहान, मग "पूर्ण झाले आहे." तो आधीच मेलेला असल्याने त्याचे पाय मोडले जात नाहीत, आणि योहान तिथे त्याचं हाड मोडणार नाही हे शास्त्रवचन आठवतो; वल्हांडणाच्या (मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाच्या) कोकराबद्दल तसाच नियम होता. पहिल्या तिघांमध्ये येशू आदल्या रात्री वल्हांडणाचं भोजन करतो. योहानमध्ये वल्हांडणाची तयारी चालू असतानाच त्याला मरणाला नेलं जातं. योहानने कोकरू नुसतं शब्दात नव्हे, दिवसातही दाखवलं आहे.

इथे तीन गोष्टींपासून स्वतःला आवरा.

एक, बेरीज. ही फार जुनी ओढ आहे. दुसऱ्या शतकात, इ.स. १७० च्या सुमारास, तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही विणून एकच सलग वृत्तांत केला आणि सिरियातल्या मंडळ्यांनी तो पिढ्यानपिढ्या वाचला. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपाने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं दिली. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराणात सगळी कथा मराठी ओव्यांत एका धाग्यात गुंफली. पुराणाला ते शोभतं आणि त्या ओव्या मला मनापासून आवडतात. उत्तम शुक्रवारी सात उद्गार ऐकावेत, रडावं. पण तक्ता मांडताना बेरीज करू नका.

दोन, वजाबाकी. "मार्क आधीचा म्हणून खरा, बाकीच्यांनी भर घातली" हा सल्लाही तितकाच वाईट आहे. मार्कमधली आरोळी म्हणजे जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. लूकमधलं शेवटचं वाक्य एकतिसाव्या स्तोत्रातलं. म्हणजे मार्कची आठवणसुद्धा प्रार्थनेच्या शब्दांतूनच आली आहे. प्रभूचं मरण आठवताना या लोकांच्या ओठांवर स्तोत्रं होती. स्तोत्र बाजूला काढलं की खाली कोरी घटना मिळेल अशी आशा धरू नका.

तीन, निकाल. फरक दिसल्याबरोबर काहीजण "म्हणजे सगळं खोटं" म्हणून पुस्तक मिटतात, काहीजण घाबरून फरक नाकारतात. दोघांचाही तक्ता अर्धा राहतो. चारही रकाने पुरे होईपर्यंत मत देऊ नका, आणि गटात असाल तर देऊही देऊ नका. मी आमच्या गटात हा नियमच केला आहे.

मग एका बैठकीत एकच रकाना मोठ्याने वाचा. त्या दिवशी दुसरा वाचू नका. मार्क ऐकून झोपा, लूक दुसऱ्या दिवशी.

५. ऐकणारे कोण होते ते मजकुरात शोधा

नुसत्या कल्पनेने मंडळ्या उभ्या करू नका. खुणा शोधा. क्रूस वाहायला लावलेला शिमोन कुरेनेकर मार्कच्या १५:२१ मध्ये "आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप" आहे. मत्तय आणि लूक ही दोन नावं गाळतात. बापाची ओळख मुलांच्या नावाने कधी करून देतात? ऐकणारे मुलांना ओळखत असतात तेव्हा. मला हे वचन वाचताना दरवेळी वाटतं की त्या खोलीत कुणीतरी मान वळवून रूफाकडे पाहिलं असेल. मार्क ७:३-४ मध्ये यहुदी लोक हात कसे धुतात ते समजावून सांगितलं आहे, मत्तयला तसं सांगावं लागत नाही. योहान ९:२२ मध्ये येशूला ख्रिस्त मानणाऱ्याला सभास्थानातून काढून टाकायचं असं ठरलेलं आहे. ती जखम बहुतेक ऐकणाऱ्यांची स्वतःची होती. अशा खुणा कागदाच्या समासात लिहा. खूण नसेल तिथे समास कोरा राहू द्या.

६. चित्रं पाहा

सिरियातल्या दुरा-युरोपोस इथल्या घरगुती प्रार्थनास्थळात इ.स. २४० च्या सुमाराची भित्तिचित्रं सापडली: मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, पक्षाघात झालेल्याला उठवणारा, दाढी नसलेला तरुण येशू, कबरीकडे निघालेल्या स्त्रिया. क्रूसावरचं मरण तिथे नाही. ख्रिस्ती चित्रांत ते पाचव्या शतकापूर्वी फार क्वचित दिसतं. ही चित्रं तक्ता पूर्ण झाल्यावरच पाहा, आधी पाहिलीत तर वाचताना तोच चेहरा दिसत राहील.

७. शेवटी कबर

मार्कचा सोळावा अध्याय आठव्या वचनापर्यंत लिहा. स्त्रिया कबरीतून बाहेर पडून पळतात, थरथरतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. नवव्या वचनापासूनचा मजकूर सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही, म्हणून आठव्याखाली ठळक रेघ मारा. मत्तय, लूक, योहान यांचे रकाने अजून कोरे असतील. ते उद्या भरा. आज मार्क एकदा मोठ्याने वाचा आणि रेघेपाशी थांबा.