अमेरिकेत पुढच्या व्हॅनचे मागचे दिवे ओळखायला शिका

पुण्याहून थेट, किंवा कंपनीच्या बदलीने स्टुटगार्टमार्गे, डेट्रॉइटजवळ नोव्हाय-ट्रॉय भागात येणाऱ्यांना मी घर आणि शाळेच्या आधी एक गोष्ट सांगतो: हायवेवर जाण्यापूर्वी इथल्या गाड्यांचे मागचे दिवे समजून घ्या.

भारतात आणि युरोपात इंडिकेटर पिवळा, ब्रेक लाल. आपल्या डोळ्यांना तीच सवय. अमेरिकेचा कायदा मागच्या इंडिकेटरला पिवळा किंवा लाल, कुठलाही रंग चालवून घेतो. त्यामुळे कितीतरी गाड्यांत ब्रेकचा लाल दिवाच उघडझाप करून वळण दाखवतो. फोर्डची जुनी इकोनोलाइन व्हॅन याच पद्धतीची. चालकाने ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला, की उजवा दिवा स्थिर पेटतो आणि डावा लुकलुकतो. दोन्ही बाजू दिसत असतील तर ठीक. पण शेजारच्या लेनमधल्या ट्रकमुळे एकच कोपरा दिसत असेल, तर ब्रेक की इंडिकेटर हे पटकन कळत नाही.

अशा वेळी नजर वर न्या. मागच्या दाराच्या वर मधोमध तिसरा ब्रेक लाइट असतो. व्हॅनना तो 1994 च्या मॉडेलपासून सक्तीचा आहे. तो पेटलाय म्हणजे ब्रेक. तो बंद आहे आणि कोपरा लुकलुकतोय, म्हणजे इंडिकेटर. नजर बसेपर्यंत अंतर जास्त ठेवा.

माझ्या मते पिवळाच चांगला. इथल्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये केलेल्या अभ्यासातही पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांना वळताना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणून कुटुंबासाठी मिनीव्हॅन बघायला जाल तेव्हा इंडिकेटर लावून मागे जाऊन बघा. पिवळा असेल तर ती गाडी माझ्या यादीत वर.

जर्मनीहून येणाऱ्यांनो, तिकडे सक्तीचा असलेला मागचा लाल फॉग लॅम्प इथल्या बहुतेक गाड्यांना नसतो. धुक्यात किंवा बर्फ पडताना हेडलाइट स्वतः लावा. बऱ्याच गाड्यांत पुढे दिवसाचे दिवे आपोआप लागतात, पण तेवढ्याने मागचे लागतीलच असं नाही. उलट, इथल्या गाड्यांच्या कडेला पुढे पिवळा आणि मागे लाल असे छोटे दिवे असतात. युरोपात कडेच्या दिव्यांची सक्ती सहा मीटरपेक्षा लांब गाड्यांनाच आहे. रात्री चौकात आडवी व्हॅन ओळखायला त्यांचा फार उपयोग होतो.

सामान हलवायला ट्रेलर जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा. इथल्या साध्या चार पिनांच्या जोडणीत डावीकडचा ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर असतात, उजवीकडचेही तसेच. तुमच्या गाडीत ते वेगळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करा आणि डावा, उजवा, ब्रेक असं एकेक करून बघा. मग ब्रेक दाबून धरूनच इंडिकेटर द्या. गडबड असेल तर बहुधा तिथेच दिसते.